साखळीतलं ब्रूपब की एकांडी मायक्रोब्रूअरी: कुठे बसावं?

पुण्यात ताजी बीअर प्यायला कुठे बसावं, हे मला महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. कुणाचा भाचा बंगळुरूहून आलेला असतो, कुणाची कॉलेजची टोळी पंचवीस वर्षांनी जमणार असते. फिरून फिरून पर्याय दोनच उरतात. एक म्हणजे तीन-चार शहरांत शाखा असलेलं मोठं ब्रूपब, म्हणजे स्वतःची बीअर बनवून जेवणासोबत देणारी जागा. दुसरी म्हणजे एकाच जागी टाक्या आणि त्यांना लागूनच दहा-बारा टेबलं, अशी छोटी मायक्रोब्रूअरी. गेली पाच-सहा वर्षं मी दोन्हीकडे बसतोय. गेल्या वर्षापासून मात्र सोबत माणसं असली की माझे पाय एकाच बाजूला वळतात. नावं मुद्दाम घेत नाही. आचारी बदलला की जागा बदलते, आणि माझ्या काही संध्याकाळींवरून कुणाला नावं ठेवणं बरं नाही.

एक आधीच सांगतो. 'साखळी म्हणजे वाईट, एकटा म्हणजे अस्सल' असं मी मानत नाही. आजची साखळी ही कालची एकांडीच असते. पुण्यात हे सगळं सुरू केलं २००९ साली डुलाली नावाच्या मायक्रोब्रूअरीने, एका ठिकाणी, मोजक्याच टाक्यांवर. पुढे त्यांची टॅपरूम्स मुंबईत गेली. टॉइट हे ब्रूपब २०१० साली बंगळुरूच्या इंदिरानगरात उघडलं आणि नंतर पुण्या-मुंबईला आलं. डुलाली हे नाव तर आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने अडकलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून इंग्रजीत 'डुलाली टॅप' असा वाक्प्रचार पडला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. बीअरच्या नळालाही टॅपच म्हणतात, त्यामुळे हे नाव ज्याला सुचलं त्याचं मला फार कौतुक वाटतं.

आता बीअरपुरतं बोलायचं तर एकांडी जागा सरस आहे. माझ्या जिभेला तरी तसंच वाटतं. मी जिथे जातो तिथला ब्रूअर, म्हणजे बीअर बनवणारा, संध्याकाळी स्वतः हजर असतो. टेबलाशी येऊन "ही कालच टाकीतून काढलीय, बघा कशी वाटते" म्हणत छोट्या ग्लासात दोन घोट ओततो. त्याची स्टाउट, म्हणजे काळी बीअर, मी विसरूच शकत नाही. तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास, मागून कोऱ्या कॉफीचा कडूपणा, आणि गिळल्यावर जीभ स्वच्छ. हे सगळं भाजलेल्या जवातून येतं, वरून काही घातलेलं नसतं. त्याने एकदा कोकम घालून आंबट बीअर केली होती, तिचा रंग पाहूनच आमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी तीच मागवली. असले प्रयोग साखळीत सहसा दिसत नाहीत, कारण तिथे एक पाककृती चार शहरांत एकसारखी उतरवायची असते. पाणी वेगळं, हवा वेगळी, हात वेगळे. ते सगळं सांभाळून तीच चव आणणं हेही कौशल्यच आहे, फक्त ते वेगळ्या जातीचं.

साखळीतली हेफेवाइझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर, मी सात-आठ वेळा तरी प्यायलो असेन आणि दर वेळी ती तशीच लागली. केळ्याचा वास, मागून लवंगेची चुणूक. हे दोन्ही वास यीस्टमधून येतात. टाकी थोडी गरम राहिली की साधारणपणे केळं पुढे येतं, थंड राहिली की लवंग. एकांड्या जागेच्या हेफेवाइझनमध्ये हा तोल दर खेपेला थोडा हलतो. मला ते हलणं आवडतं. माझ्या मित्राला अजिबात आवडत नाही, तो म्हणतो मागच्या वेळची हवी होती. दोघंही बरोबर आहोत.

छोट्या जागेत बीअर संपते, हेही धरून चला. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्ध्या लिटरचे हजार ग्लास. एका लांबलेल्या वीकेंडला ते सहज उडतात. पुढची एल, म्हणजे लवकर आंबणारी बीअर, तयार व्हायला दोन आठवडे जातात. थंडाव्यात सावकाश मुरणारी लागर असेल तर महिना-दीड महिना. त्यामुळे फळ्यावर आठ नावं आणि नळावर पाच बीअर, हे चित्र नेहमीचं. ताज्या मालाचं असंच असतं, म्हणून मी त्याचा कधी त्रास करून घेतला नाही.

त्रास झाला तो जेवणाचा.

गेल्या ऑगस्टमधला शनिवार. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि आम्ही पाच जण एकांड्या जागी बसलो होतो. मी, ही, माझा मित्र आणि त्याची बायको, आणि हिचे थोरले बंधू. त्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो. अण्णा बीअर घेत नाहीत, पण माणसांत बसायला त्यांना मनापासून आवडतं. साखरेची रात्रीची गोळी घेऊन ते निघाले होते, आठपर्यंत पोटात काहीतरी जाईल या हिशेबाने. सात चाळीसला आम्ही बीअर आणि खाणं एकदमच सांगितलं. अण्णांसाठी पनीर टिक्का आणि रोटी, बाकीच्यांना विंग्ज, खिमा-पाव आणि फ्राइज. वेटरला अण्णांचं आधी आण म्हणून बजावलंसुद्धा. बीअर चार मिनिटांत आली. सव्वाआठला आमचे पहिले ग्लास संपले होते. टेबलावर मसाला शेंगदाण्यांची एक वाटी होती, तीही संपली. साडेआठला वेटरला हाक मारली तर तो बिचारा म्हणाला, "सर, आत पंधरा केओटी लागल्यात, तुमची सहावी आहे." केओटी म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी.

अण्णा बोलायचे थांबले होते. हिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं, कारण टिश्यू पेपरची घडी करताना तो थरथरत होता. कपाळावर घाम. ही उठली, काउंटरवरून साखरेच्या पुड्या आणि संत्र्याचा रस घेऊन आली आणि तिने त्यांना तो पाजला. दहा-पंधरा मिनिटांत त्यांना बरं वाटलं. पावणेनऊला सगळ्या प्लेट एकदमच आल्या. पनीर वाफाळत होतं, चवीलाही छान होतं. पण तोवर माझा दुसरा ग्लास तळाला गेला होता आणि काचेवर फेसाची वाळलेली कडी उरली होती. जेवायची इच्छा कुणालाच राहिली नव्हती.

जागेने अण्णांना आजारी पाडलं असं मी म्हणणार नाही. खिशात बिस्किटाचा पुडा ठेवायला हवा होता, तो आम्ही ठेवला नाही. पण त्या रात्री घरी आल्यावर मागचं आठवून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की त्या जागी जवळजवळ प्रत्येक वेळी असंच झालं होतं. बीअर आधी, खाणं अर्ध्या-पाऊण तासाने. आजवर ते खुपलं नव्हतं, कारण आम्ही गप्पांत असायचो आणि उपाशीपोटी चढलेली बीअर वेळेचं भान ठेवत नाही. त्याचं कारणही उघड आहे. छोट्या माणसाचा पैसा टाक्यांत, थंडाव्यात, आयात केलेल्या माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्समध्ये (बीअरला कडूपणा देणारी फुलं) जातो. स्वयंपाकघराला उरतात एक फ्रायर, एक तंदूर आणि दोन आचारी. मंगळवारी ते पुरतात. शनिवारी पुरत नाहीत.

खाणं उशिरा आलं तर एवढं काय, असं वाटेल. मला आता त्यात खूप काही वाटतं. ताज्या बीअरची खरी गंमत घोट आणि घास यांच्या फेऱ्यात आहे. बीअरमधला वायू जिभेवरचं तेल धुऊन काढतो, म्हणून तळलेल्याबरोबर ती इतकी जमते. आयपीए ही हॉप्समुळे कडवट लागणारी बीअर घेऊन ठेचा लावलेली कोंबडी खाल्ली की तिखट आणखी भडकतं. तीच कोंबडी माल्टच्या गोडसर अंगाच्या ॲम्बर एलबरोबर खाल्ली की जाळ उतरतो आणि लसूण पुढे येतो. धणे आणि संत्र्याची साल घातलेली विट, म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बीअर, असेल तर तळलेल्या मासळीला लिंबू पिळायचीही गरज नाही. हे सगळं दोन्ही वस्तू एका वेळी समोर असतील तरच कळतं. अर्धा लिटर बीअर उपाशीपोटी आणि मग गार होत चाललेली पाच प्रकारची प्लेट, यात दोन्हींचं नुकसान आहे. शिवाय रिकाम्या पोटी दारू लवकर चढते, तो मुद्दा वेगळाच.

पंधरा दिवसांनी तेच पाच जण आम्ही साखळीच्या ब्रूपबमध्ये बसलो. तोही शनिवारच होता, गर्दी दुप्पट. ऑर्डर घेताना वेटरने स्वतःहून विचारलं, "कुणाला काही आधी लागणार आहे का?" मी अण्णांकडे बोट केलं. त्यांचं टोमॅटो सूप आणि रोटी बीअरच्या आधी आली. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण दहा मिनिटांच्या वर काही गेलं नसावं. मग आमची बीअर आली आणि तिच्या पाठोपाठ, फेस अजून दोन बोटं असतानाच, ठेचा चिकन. पहिला घास, पहिला घोट. अण्णा हिला तिच्या लहानपणीची एक गोष्ट सांगत होते आणि मध्येच थांबून म्हणाले, "इथे बरं आहे."

जेवण थोर होतं असं नाही. ग्रेव्ह्या बहुधा एकाच मोठ्या किचनमध्ये होऊन शाखांना येत असाव्यात, दोन-तीन भाज्यांचा पाया एकच लागला. ठेच्यात साखर होती, ती नसती तर बरं झालं असतं. पिझ्झा मात्र चांगला, कडा फुगलेली आणि तळ कोरडा. मेनूकार्ड लांबलचक आहे, त्यात न पिणाऱ्याला आणि शाकाहाऱ्यालाही खरोखर जेवता येतं, नुसते फ्राइज चघळत बसावं लागत नाही. पाच-सहा जणांत असा एक तरी असतोच, आणि संध्याकाळ त्याचीही असते.

साखळीच्या खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. साडेआठनंतर गाण्यांचा आवाज वाढवतात, तेव्हा टेबल बाहेरच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर मागा, आणि फोनवर आरक्षण करतानाच मागा. वीकेंडला काही ठिकाणी दोन तासांनी टेबल सोडा म्हणतात. ग्लास इतका गार असतो की पहिल्या दोन घोटांना वासच येत नाही. मी तो पाच मिनिटं तसाच ठेवतो किंवा साधा ग्लास मागतो, आणि बहुतेक वेळा देतात. बिल थोडं जास्त येतं, पण माझ्या अनुभवात फरक इतका नाही की त्यावर निर्णय फिरावा. सॅम्पलर, म्हणजे वेगवेगळ्या बीअरचे छोटे ग्लास, दोन्हीकडे मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच घ्यावा, आणि स्टाउट शेवटी प्यावी, नाहीतर बाकीच्या बीअर पाणी वाटतात.

तेव्हा विचाराल तर, चौघांपेक्षा जास्त माणसं असतील, वेगवेगळ्या वयाची असतील, कुणी न पिणारं असेल, आणि दिवस शुक्रवार ते रविवार यांतला असेल, तर मी साखळीत जाईन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. एखाद्या एकांड्या जागेचं किचन झकास असेलही, तसं कळलं तर मला जरूर सांगा, मी पुढच्या आठवड्यात जाईन. पण दोघंच असाल, दोघांनाही बीअरची ओढ असेल आणि मंगळवार-बुधवार जमत असेल, तर एकांड्या जागीच जा. सहा-साडेसहाला, थोडं खाऊन. ब्रूअर मोकळा असतो, टाकीच्या काचेतून आतलं उकळणं दाखवतो, आणि विचाराल तेवढं सांगतो.

त्या जागेशी माझं नातं तुटलेलं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मायक्रोब्रूअरींना ताजी बीअर भरून घरी न्यायला द्यायची परवानगी मिळाली, तेव्हापासून मी त्यांच्याकडून ग्राउलर, म्हणजे नळावरून भरून दिलेली मोठी बाटली, आणतो. आताही महिन्यातून एकदा आणतो, बहुतेक स्टाउट. ग्राउलर त्याच संध्याकाळी उघडायचा, आणि उघडला की संपवायचा. दुसऱ्या दिवशी वायू गेलेला असतो आणि चव सपाट लागते. ही कोथिंबीर वडी तळायला घेते तेव्हा मी फ्रीजमधून बाटली काढून ओट्यावर ठेवतो. पहिला घाणा ताटलीत पडला की झाकण उघडायचं, त्याच्या आधी नाही. अण्णा आलेले असले तर पहिली वडी त्यांची.