अख्खं जुनं शिवार दाखवणारा फुकट नकाशा : एरियल आर्किऑलॉजी मॅपिंग एक्स्प्लोरर, माझा रिव्ह्यू

ज्यांना जुन्या गावांचं, जुन्या शेतांचं वेड आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. हिस्टॉरिक इंग्लंड ही इंग्लंडमधल्या वारसास्थळांचं काम बघणारी संस्था, त्यांनी २०२१ मध्ये एरियल आर्किऑलॉजी मॅपिंग एक्स्प्लोरर नावाचा ऑनलाइन नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. पैसे नाहीत, लॉगिन नाही, ब्राउझरमध्ये उघडा आणि बघायला लागा. मी उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहतो, शनिवारी-रविवारी पायी फिरायची सवय आहे आणि आता फिरायला निघायच्या आधी हा नकाशा बघितल्याशिवाय मी निघतच नाही. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते खाली सांगतो.

यात आहे काय, तर ५ लाखांहून जास्त हवाई फोटो बघून तज्ज्ञांनी ३० पेक्षा जास्त वर्षं जे मॅपिंग केलं ते सगळं एका जागी. नकाशा झूम करत गेलं की आजच्या शेतांवर रंगीत रेषा दिसायला लागतात, चर वेगळ्या रंगात, बांध वेगळ्या रंगात. एखाद्या रेषेवर क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते, त्यात हे काय असावं, साधारण कुठल्या काळातलं आणि पुरावा कसला, म्हणजे जमिनीवर अजून उंचवटा आहे की फक्त पिकात खूण दिसली, ते लिहिलेलं असतं. ही शेवटची नोंद नक्की वाचा, कारण पिकातली खूण असेल तर तिथे जाऊन उभं राहिलात तरी पायाखाली सपाट शेताशिवाय काही दिसणार नाही.

ही पिकातली खूण म्हणजे काय ते ज्याने शेती जवळून बघितलीय त्याला लगेच पटेल. समजा दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी शेताभोवती चर खणला, पुढे तो गाळाने, पालापाचोळ्याने, वरून वाहून आलेल्या मातीने भरत गेला आणि शेवटी नांगराखाली सपाट झाला. पण त्या पट्ट्यात आजूबाजूच्या कडक जमिनीपेक्षा माती खोल आहे, मऊ आहे, ओल धरते. पाऊस वेळेवर असेल तर सगळं पीक सारखंच दिसतं, पण जून-जुलैत ताण बसला की बाकीचं पीक पिवळं पडतं आणि त्या चरावरचं पीक उंच, हिरवंगार राहतं. खाली जुन्या भिंतीचा पाया असेल तर उलटं होतं, तिथे मुळांना माती कमी, पीक खुरटं आणि आधी सुकतं. बार्ली आणि गव्हात हे छान दिसतं, बार्लीत तर फारच. बांधावरून बघितलं तर पिवळे-हिरवे पट्टे कळतात पण आकार लागत नाही, विमानातून बघितलं की सरळ चौकोन, गोल, रस्ते दिसतात.

आता माझा आवडता भाग, यॉर्कशायर वोल्ड्स नावाचा टेकड्यांचा पट्टा. इथली जमीन चॉकची, म्हणजे पांढऱ्या मऊ चुनखडीची, वर माती पातळ, पाणी झरझर खाली जातं, त्यामुळे खुणा फार स्वच्छ उमटतात. एक्स्प्लोररमध्ये वोल्ड्सवर झूम केलं की दोन समांतर चरांच्या मधून जाणाऱ्या लांबच लांब पाणंदी दिसतात आणि त्या पाणंदीला लागून एकापुढे एक चौकोनी आवारं, कधी शेकडो मीटर, कधी त्याहून लांब. याला इथले पुरातत्त्ववाले लॅडर सेटलमेंट म्हणतात कारण वरून ती शिडीसारखी दिसते. लोहयुगाचा शेवट ते रोमन काळ, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती. काही आवारांत गोल घरांभोवतीचे गोल चर आहेत, काही बहुतेक जनावरांची वाडगी असावीत, आणि पाणंद रुंद होत होत माळाकडे जाते तिथे गुरं-मेंढरं हाकत नेत असणार हे बघता बघता समजतं. रडस्टनच्या आसपास तर वेळ काढूनच बघा, तिथल्या चर्चच्या आवारात ७ मीटरहून उंच उभा दगड आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंच, आणि गावाभोवतीच्या शेतांत नवाश्मयुगातल्या, म्हणजे पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या, कर्सस नावाच्या रचना (दोन समांतर चरांमधली लांबलचक आवारं), ज्या मुख्यतः पिकातल्या खुणांवरूनच कळल्या. जवळच लोहयुगातल्या चौकोनी चरांच्या थडग्यांची दाटी आहे, नकाशावर छोट्या छोट्या चौकोनांचे पुंजके दिसतील ते हेच.

दक्षिणेला डॉनकास्टर आणि उत्तर नॉटिंगहॅमशायरकडे गेलात की शेतांचा नमुनाच बदलतो. लांब समांतर चर आणि मधे मधे आडवे तुकडे, विटांच्या भिंतीसारखे, म्हणून त्याला ब्रिकवर्क फील्ड्स म्हणतात. वाळूमिश्रित जमीन आहे, ताण लवकर बसतो. डेरिक रायली नावाच्या माजी वैमानिकाने १९७० च्या दशकात विमानातून फोटो काढून हा पसारा लोकांसमोर आणला. त्याआधी या भागात लोहयुगात आणि रोमन काळात फारसं कुणी राहत नसावं असा समज होता, म्हणजे विचार करा, मैलोगणती आखलेली शेतं पायाखाली होती. मिडलँड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, बघाल तर सगळीकडे सरी-वरंबे, ते मात्र मध्ययुगातले. नीट बघितलं तर त्या सऱ्या सरळ नसतात, उलट्या एस सारख्या वळतात, कारण बैलांच्या लांबलचक जोड्या शेताच्या टोकाला वळवायला आधीपासूनच तिरकं घ्यावं लागायचं. नांगरटीची सवय जमिनीत अशी राहिलीय हे बघून मला खरंच भरून येतं.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायलाच हवी. हे सगळं शास्त्र ज्याने रुजवलं तो ओ. जी. एस. क्रॉफर्ड मुंबईत जन्मलेला, ब्रीच कँडीला, १८८६ मध्ये, बाप ठाण्याला जज्ज होता. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली आणि बाळाला इंग्लंडला पाठवलं. पहिल्या महायुद्धात तो विमानातून टेहळणी करायचा, मग १९२० मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला, हवाई दलाच्या जुन्या फोटोंमधून त्याने दक्षिणेच्या वेसेक्स भागातली प्राचीन शेतं ओळखली, आणि १९२४ मध्ये अलेक्झांडर कीलर या श्रीमंत पुरातत्त्ववाल्याबरोबर विमान घेऊन त्याने खास पुरातत्त्वासाठी दक्षिण इंग्लंडचे फोटो काढले. आज एक्स्प्लोररवर आपण बसल्या जागी जे बघतो त्याची सुरुवात तिथली.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे अजून पूर्ण इंग्लंड यात नाही, अर्ध्याहून थोडा जास्त भाग झालाय, तुमचं गाव नेमकं उरलेल्या भागात असू शकतं. दुसरं जास्त महत्त्वाचं, रिकामी दिसणारी जागा म्हणजे तिथे कुणी राहत नव्हतं असं नाही. चिकणमातीची जमीन ओल धरून ठेवते, तिथे खुणा क्वचितच उमटतात. कायम गवताची कुरणं असतील तिथेही कमी, तिथे खूप कडक उन्हाळा झाला तरच गवत करपून आकार दिसतात. आणि मुळात विमान त्या आठवड्यात तिथून गेलं पाहिजे, पीक योग्य पाहिजे, ताण बसलेला पाहिजे. १९७६ आणि २०१८ चे उन्हाळे म्हणूनच पुरातत्त्ववाल्यांना अजून आठवतात, २०१८ मध्ये मिल्टन कीन्सजवळ कर्सस, डेव्हनमध्ये रोमन काळातलं शेत, कॉर्नवॉलमध्ये लोहयुगातली वस्ती असं बरंच काही वर आलं. नवीन माणूस नकाशा बघून इथे दाट वस्ती, तिथे ओसाड असं ठरवून मोकळा होतो, तसं करू नका.

शिवाय यात दिसतं ते तज्ज्ञाने काढलेलं रेखाटन, मूळ फोटो नाही. त्यामुळे मी शेजारच्या टॅबमध्ये त्याच संस्थेचा एरियल फोटो एक्स्प्लोरर उघडून ठेवतो, त्यात १९१९ पासूनचे ४ लाखांहून जास्त फोटो आहेत. तिसऱ्या टॅबमध्ये गुगल अर्थ, मागच्या वर्षांची चित्रं तारखेप्रमाणे सरकवत कोरड्या उन्हाळ्यातली निवडायची. स्वतः खुणा शोधायला लागलात की फसायला खूप वाव आहे, हिमयुगातल्या भेगांची जाळी, बुजलेले ओढे, पाइपलाइनी, शेतातले निचऱ्याचे पाइप, ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे, दुसऱ्या महायुद्धातल्या छावण्या, सगळ्यांच्या खुणा उमटतात. माणसाने खणलेल्या चराला कोपरा असतो, दार ठेवायला जागा सोडलेली असते, तो दुसऱ्या चराला जाऊन मिळतो. तेच शोधा.

मला हा नकाशा इतका का आवडतो ते सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्रात जुनी गावं सापडतात ती बहुतेक पांढरीच्या टेकाडांवरून, खापरं आणि राख बघत पायी फिरून. घोड नदीकाठचं इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खणलं, घरं मिळाली, बांध आणि पाण्याचा पाटही मिळाला, फार मोठं काम आहे ते. पण खापरांवरून गाव कळतं, त्या गावाची शेतं कुठवर होती, बांध कुठे, गुरं कुठल्या वाटेने जायची हे सहसा कळत नाही. इथे ते कळतं. गावाबरोबर अख्खं शिवार समोर येतं, आणि ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत अशा साध्या शेतकऱ्यांचं शिवार. आपली काळी माती चिकण, पिकं वेगळी, तुकडे लहान, इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे चालणार नाही हे मला मान्य आहे, पण ड्रोन आता इतके स्वस्त झालेत की नदीकाठच्या हलक्या जमिनीवर कुणीतरी परवानगी काढून मनापासून करून बघावं असं फार वाटतं.

वापरायचा असेल तर मोबाईलऐवजी लॅपटॉपवर बघा, रेषा बारीक असतात. आणि बघितलेल्या जागी जाणार असाल तर पब्लिक फूटपाथ सोडू नका, उभ्या पिकात शिरू नका. मेटल डिटेक्टर असेल तर जमीनमालकाची परवानगी लागतेच, आणि संरक्षित स्मारक असेल तर १९७९ च्या कायद्याप्रमाणे हिस्टॉरिक इंग्लंडच्या लेखी परवानगीशिवाय तो चालवणं गुन्हा आहे, तेव्हा ती जागा संरक्षित यादीत आहे का ते आधी तपासा.