हाय-स्पीड म्हणजे २००० सालचा स्पीड

मिरजेतल्या एका मंगल कार्यालयाच्या कोठीघरात, कांद्याच्या पोत्यांना पाठ टेकून, मी लॅपटॉपवरची हिरवी पट्टी बघत बसलो होतो. बाहेर वाजंत्री थांबलेली, पंगती उठलेल्या. अक्षता पडल्या होत्या १२ वाजून ३५ मिनिटांनी, पण सप्तपदी, कानपिळी, सूनमुख करता करता साडेतीन वाजले. सहाला रिसेप्शन, आणि त्यात एलईडी स्क्रीनवर सकाळच्या लग्नाची तीन मिनिटांची हायलाइट दाखवायची, असा शब्द मी नवरीच्या वडलांना दिलेला. हल्ली सगळ्यांनाच हे हवं असतं. पैसेही बरे मिळतात.

फोनमध्ये ९६ जीबी फुटेज होतं, ते केबलनं लॅपटॉपवर उतरत होतं. जास्त बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला जास्त डेटा भरत, शूट केलं की मिनिटाला दीड जीबी सहज जातो, म्हणजे तसं तासाभराचंच चित्रण. पट्टीखाली आकडा नाचत होता : ३४ एमबी, ३६ एमबी, ३५ एमबी प्रति सेकंद. ३६ च्या वर जायचं नाव नाही. दहा मिनिटांनी माझ्या हाताखालचा पोरगा डोकावला. "दादा, झालं का ओ?" म्हटलं, होतंय. वीस मिनिटांनी परत आला, तेव्हा मी नुसती मान हलवली. चार-दहाला पट्टी थांबली आणि 'डिव्हाइस प्रतिसाद देत नाही' अशी पाटी आली. सप्तपदीची ३८ जीबीची सलग क्लिप निम्म्यावर अडकलेली, ती पुन्हा शून्यापासून. फोन हातात धरवत नव्हता इतका तापलेला.

सगळं उतरायला चार-पन्नास झाले. हायलाइट लागली सव्वासातला. तोवर निम्मं पाहुणं जेवायला गेलं होतं आणि एलईडीवाल्यानं प्री-वेडिंगचे फोटो तीन वेळा फिरवून झाले होते. नवरीचे वडील ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "असू दे, आता काय," म्हणाले. बिलातले चार हजार मीच कमी केले.

हा फोन मी त्या लग्नाच्या दोन महिने आधी ८१ हजार ९९९ ला, बारा हप्त्यांवर घेतला होता. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. हीच गंमत अनेक कंपन्यांच्या अनेक फोनांत आहे, आणि एकीचं नाव घेतलं की बाकीच्यांचे ग्राहक निवांत होतील. सांगलीतल्या मोठ्या दुकानात, काचेच्या टेबलावर, सेल्समननं तो माझ्या हातात ठेवला. मी सांगितलं, माझं काम लग्नाच्या व्हिडिओचं आहे, फुटेज लॅपटॉपवर पटापट उतरलं पाहिजे. तो म्हणाला, "टाइप-सी आहे दादा, टेन्शनच नाही. ६७ वॅट!"

त्या उत्तरात दोन वाक्यं आहेत आणि दोन्हींचा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. हे कळायला मला दोन महिने आणि जवळपास पाच हजार रुपये लागले.

आधी पाच हजारांचं सांगतो. लग्नानंतर दोन दिवसांनी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "सर, आपण ओरिजिनल केबल वापरताय ना?" बॉक्समधलीच वापरतोय म्हटलं. "मग केबल खराब असू शकते सर." सहाशेची नवीन आणली. आकडा ३५. परत फोन. या वेळी दुसरा माणूस, म्हणाला चांगल्या क्वालिटीची जाड केबल घ्या. एकोणीसशेची आणली, दोरीसारखी विणलेली, पाकिटावर २४० वॅट लिहिलेलं. आकडा ३६. मग मीच चिडून थंडरबोल्टची, म्हणजे फार वेगानं डेटा नेणारी मागवली, चोवीसशेची. आकडा पुन्हा ३५. तिसऱ्या फोनवर मी जरा आवाज चढवला, तेव्हा पलीकडून वाक्य आलं : "सर, आपला फोन हाय-स्पीड यूएसबी सपोर्ट करतो."

मी गप्प झालो. हाय-स्पीड म्हणतोय म्हणजे आपलाच लॅपटॉप जुना असणार.

हे वाक्य शब्दशः खरं होतं, आणि फसवणूक नेमकी त्यातच होती. यूएसबीच्या दुनियेत 'हाय-स्पीड' हे विशेषण नाही, ते एका ठरावीक वेगाचं अधिकृत नाव आहे : ४८० मेगाबिट प्रति सेकंद. म्हणजेच यूएसबी २.०. हे मानक आलं एप्रिल २००० मध्ये. तेव्हा आम्ही सायबर कॅफेत तासाच्या हिशोबानं बसायचो आणि खिशात १.४४ एमबीची फ्लॉपी असायची. त्या काळात ४८० खरोखरच हाय होतं, कारण त्याआधीचं यूएसबी १२ मेगाबिटचं होतं. त्या १२ चं अधिकृत नाव काय, तर 'फुल स्पीड'! नावं ठेवणाऱ्यांना पुढे काही येणार आहे असं बहुधा वाटलंच नसावं. मग २००८ च्या नोव्हेंबरात यूएसबी ३.० आलं, पाच गिगाबिटचं, आणि त्याचं नाव पडलं 'सुपरस्पीड'. म्हणजे हाय-स्पीड असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर तो तुम्हाला पंचवीस वर्षांपूर्वीचा माल दाखवतोय असं समजा.

४८० हा आकडाही ऐकायला मोठा वाटतो, पण तो मेगाबिटचा. फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. ४८० भागिले आठ, साठ. तेही कागदावर. मधला व्यवहाराचा खर्च वजा जाता हाती पस्तीस-चाळीसच्या आसपास उरतात. माझा ३५ चा आकडा काही बिघाड नव्हता. फोन त्याच्या पूर्ण ताकदीनं धावत होता बिचारा.

हे मला उलगडलं ते मावसभावाकडे. तो पुण्यात आयटीत आहे, दिवाळीला आला होता. त्यानं माझा फोन त्याच्या मॅकबुकला लावला, सिस्टिम रिपोर्ट उघडला, यूएसबीच्या यादीत माझ्या फोनचं नाव शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. फोनच्या नावाखाली एक ओळ : स्पीड, जास्तीत जास्त ४८० एमबी प्रति सेकंद. त्यातला 'बी' लहान लिपीतला, म्हणजे बिट. तीन केबली आणि तीन फोनकॉल यांत जे कळलं नाही, ते त्या एका ओळीत होतं.

मग आम्ही फराळाचं ताट बाजूला सारून प्रयोग केला. त्याचा फोन दहा गिगाबिटवाला. २० जीबीचा एकच फोल्डर दोन्ही फोनांत टाकला आणि माझ्या चोवीसशेच्या केबलनं एकेक करून उतरवला. त्याचा मिनिटाच्या आत उतरला. माझ्याला सव्वानऊ मिनिटं लागली, त्यात माझ्या दोन चकल्या खाऊन झाल्या. मग मला खोडी सुचली. त्याच्याच फोनच्या बॉक्समधली केबल काढून लावली. त्याचाही फोन ३८ वर आला! सव्वालाखाच्या फोनसोबत कंपनीनं केबल दिली होती ती यूएसबी २.० ची. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर्षभर तो तीच वापरत होता.

तर टाइप-सी म्हणजे नुसता आकार. पोर्टाचं तोंड. त्याच्या आत २४ पिना बसायची सोय आहे, पण त्या सगळ्या जोडल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही. यूएसबी २.० साठी डेटाच्या दोन तारा पुरतात. वरचा वेग हवा असेल तर आणखी जोड्या लागतात, त्या फोनच्या बोर्डावरून पोर्टापर्यंत आणाव्या लागतात. कित्येकदा प्रोसेसरमध्ये सोय असते, पण फोन बनवणारा त्या तारा आणतच नाही. चार पैसे वाचतात, आणि वरच्या मॉडेलला वेगळं काहीतरी उरतं. दुसरं कारण माझा अंदाज आहे, पण मी धंद्यात आहे, मला तो पटतो. मीही साधा अल्बम आणि प्रीमियम अल्बम यांत फरक दिसावा म्हणून साध्याला मुद्दाम बॉक्स देत नाही.

वॅटचंही तसंच. वॅट हा चार्जिंगचा आकडा, आणि चार्जिंगच्या तारा वेगळ्या, डेटाच्या वेगळ्या. २४० वॅटची जाडजूड केबल डेटाला यूएसबी २.० चीच असू शकते, नियमात बसतं ते. माझी एकोणीसशेची तशीच निघाली.

फोनच्या आतली मेमरी मात्र झकास. त्यात यूएफएस ३.१ आहे, म्हणजे वाचनाचा वेग सेकंदाला दोन हजार एमबीच्या घरात. ती मेमरी, तो प्रोसेसर, आठ-के व्हिडिओ, सगळं पोस्टरवर होतं. विहिरीला पाणी बक्कळ आणि पोहरा वाटीएवढा, हे तेवढं पोस्टरवर नव्हतं. बाहेरून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लावून थेट त्यावर शूट करू म्हटलं, तर तोही त्याच पोर्टातून जाणार. मिनिटाला दीड जीबी म्हणजे सेकंदाला २५ एमबी, ते कसंबसं मावतं. त्याच्यावर गेलं की फ्रेम गळायला लागतात.

हे जमत नव्हतं असंही नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ३ आठवतो का? २०१३ चा, खाली रुंद, दोन कप्प्यांचं पोर्ट असलेला. ते यूएसबी ३.० होतं.

मग मी भांडायला निघालो. दुकानदार म्हणाला, बिघाड असेल तरच बदलून देणार, आणि यात बिघाड कुठाय? बरोबरच होतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, त्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हेही येतं. मी तेच लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं : माहिती आमच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

बघितलं, तर होती. फोनच्या पानावर खाली, अजून खाली, 'सर्व तपशील' दाबल्यावर, सेन्सरच्या यादीनंतर आणि बॉक्समध्ये काय काय मिळेल याच्या आधी, करड्या बारीक अक्षरांत : टाइप-सी, यूएसबी २.०. तक्रार बंद झाली. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तरी मी गेलो नाही. लग्नसराईत तारखेला सांगलीच्या चकरा कोण मारणार? आणि खरं सांगायचं तर माझ्याच कोटेशनच्या तळाला 'पेन ड्राइव्ह व प्रवासखर्च वेगळा' हे कोणत्या आकाराच्या अक्षरांत असतं, ते मला माहीत आहे.

तेव्हा व्हिडिओचं, फोटोचं, मोठ्या फाइलींचं काम असेल तर दुकानात जायच्या आधी कंपनीच्या स्वतःच्या पानावरचा तो पूर्ण तक्ता तळापर्यंत वाचा. टाइप-सीच्या पुढे आकडा हवा. ३.० असो, ३.१ जेन १ असो की ३.२ जेन १, तिन्ही एकच, पाच गिगाबिट. नाव तेवढं दोनदा बदललं. जेन २ म्हणजे दहा. पुढे काहीच लिहिलेलं नसेल, तर ते २.० आहे असं धरून चाला, लिहिण्यासारखं असतं तर लिहिलं असतं. एकाच मालिकेतल्या दोन फोनांत वेगळं असू शकतं, म्हणून नेमक्या मॉडेलचंच पान बघा. फोन घेतलाच असेल तर परत करायची मुदत आहे तोवर चार-पाच जीबीची एकच फाइल लॅपटॉपवर उतरवून आकडा बघा, पण केबल खात्रीची यूएसबी ३ ची हवी आणि लॅपटॉपचं पोर्टही. नाहीतर दोष कुणाचा ते कळायचं नाही. आणि नुसते फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर हे सगळं सोडून द्या, तुम्हाला २.० जन्मभर पुरेल.

मी सध्या लॅपटॉपचा हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर लावून फुटेज हवेतून उतरवतो. ५० च्या आसपास मिळतात. ८२ हजारांच्या फोनला तार लावली की तो हळू होतो, हे पोराला समजावताना मलाच हसू येतं. हप्ते अजून पाच बाकी आहेत.

गेल्या आठवड्यात त्याच पोराला फोन घ्यायचा होता, म्हणून पुन्हा त्याच दुकानात गेलो. सेल्समन नवा होता. मी विचारलं, "यात डेटा ट्रान्सफरचा स्पीड किती?"

"टाइप-सी आहे सर."

"ते दिसतंय. यूएसबी किती, दोन का तीन?"

त्यानं बॉक्स उलटा केला, सुलटा केला, बाजूनं वाचला. मग काउंटरकडे हाक मारली, "ओ अण्णा, यूएसबी विचारतायत." मालक चष्मा कपाळावर सरकवत आले. मला ओळखलं नाही. बॉक्स हातात घेऊन, लांब धरून बघितला.

"८० वॅट आहे की," म्हणाले.