इंटरस्केलीन की सुपीरियर ट्रंक? खांद्याच्या ब्लॉकबद्दल थोडं

खांद्याच्या ऑपरेशनच्या केसला नुसत्या जीएवर (पूर्ण भुलीवर) सोडावं असं आता कोणाला वाटत नाही, प्रश्न उरतो ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, कुठला. इंटरस्केलीन, म्हणजे मानेतल्या स्केलीन स्नायूंच्या मधे हाताच्या नसांपाशी द्यायचा ब्लॉक, १९७० पासून चालत आलेला, सगळ्यांचा हात बसलेला, आणि दुखणं थांबवण्यात त्याला नाव ठेवायला जागा नाही.

माझं बिनसलं ते फ्रेनिकवरून, म्हणजे डायफ्राम (श्वासाचा पडदा) हलवणाऱ्या नसेवरून. २० एमएल औषध दिलं की त्या बाजूचा डायफ्राम जवळपास प्रत्येकाचा गार पडतो हे पाठ आहे, धडधाकट पेशंटला त्याने काही होत नाही हेही पाठ आहे, पण रिकव्हरीत तोच धडधाकट माणूस "डॉक्टर, श्वास पुरता भरत नाहीये" म्हणतो, मॉनिटरवर सॅच्युरेशन ९७, आपण सांगतो ब्लॉकमुळे आहे, उतरेल, तो मान हलवतो आणि दोन मिनिटांनी परत तेच. मग डोकं वर करा, ऑक्सिजन लावा, शेजारी थांबा. त्यात ब्लॉकनेच पापणी खाली आली की बाहेर नातेवाईकांना वाटतं लकवा मारला. ५ एमएलपर्यंत खाली आलं तरी सगळे यातून सुटत नाहीत.

सुपीरियर ट्रंकला सोनोग्राफीचा प्रोब जरा खाली सरकवायचा, मानेतून येणाऱ्या सी५-सी६ नसा एकत्र येऊन हा ट्रंक होतो तिथे, त्यातून खांद्याची सुप्रास्कॅप्युलर नस फुटायच्या आधी. फ्रेनिक तोवर आतल्या बाजूला बरीच लांब गेलेली असते. डायफ्राम कधीच जात नाही असं नाही, पण ती श्वासाची तक्रार मला फार कमी ऐकू येते, आणि दुखण्यात फरक निदान मला तरी दिसला नाही. त्रास एवढाच की आखूड, जाड मानेत ट्रंक शोधताना वेळ जातो, सर्जन घड्याळ बघायला लागतो. सुई घालायच्या आधी कलर (रक्तप्रवाह दाखवणारा मोड) टाकून बघा, तिथून आडवी धमनी जाते.

फुप्फुसं खरंच कमजोर असतील तर मात्र सुप्रास्कॅप्युलर अधिक ॲक्सिलरी, म्हणजे खांद्याच्या या दोन नसांचे वेगवेगळे ब्लॉक, दोन टोचण्या झाल्या तरी चालतील. पंजा हलता राहतो, पण खांद्याच्या पुढच्या बाजूला थोडं दुखतं.

इंटरस्केलीन पक्का जमतोय आणि पेशंट पंचविशीतला खेळाडू आहे, तर बदलाच असं मी म्हणणार नाही. मी स्वतः आता प्रोब खालीच ठेवतो. रात्री ब्लॉक उतरताना जी कळ येते ती तिन्हींत येते, तेव्हा पॅरासिटामॉल आधीच सुरू करा, आणि सिस्टरना लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.