ड्युरम गव्हाचा फुसिली: डब्यातल्या थंड सॅलडसाठी घ्यावा का?

आधीच सांगून टाकते, थंड सॅलड करायचं असेल तर हा पिळाचा पास्ता, म्हणजे फुसिलीच घ्या, आणि पोरांना लाल मसाल्याचा गरमागरम पास्ता करून द्यायचा असेल तर एवढे पैसे घालवू नका, साधा पण चालतो. मालवण बाजारात आता एक-दोन मोठ्या दुकानांत अर्ध्या किलोचं पाकीट मिळतं, सुट्ट्या मॅक्रोनीच्या दुप्पट तरी भाव पडतो.

पाकीट घेताना पुढचा टोमॅटोचा फोटो आणि झेंडा सोडा, तो सगळेच छापतात, पाकीट उलटं करून बघा. घटकांत ड्युरम व्हीट सेमोलिना एवढंच पाहिजे, मैदा दिसला की परत ठेवा. ड्युरम म्हणजे काही परग्रहावरचं नाही, आपला बन्सी रवा निघतो तोच कडक दाण्याचा गहू. इटलीत तर १९६७ च्या कायद्यानेच तिथे बनून तिथे विकला जाणारा सुका पास्ता ह्याच गव्हाचा लागतो. मैद्यावाली मॅक्रोनी गरम असेपर्यंत बरी लागते, पण गार झाली की डब्यात एकमेकीला चिकटून गोळा, चमच्याने काढायला गेलं तर अख्खी वडी वर येते. हा फुसिली दुपारी दीडला डबा उघडला तरी सुटा असतो आणि पिळात ड्रेसिंग धरून ठेवतो, मला सगळ्यात आवडलं ते हे.

आता शिजवायचं. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी घ्या, पातेलं मोठंच ठेवा, कंजूषी केली की पाणी पिठूळ होऊन चिकटतं. गरम खायचा असेल तर पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी उतरवतात पण सॅलडसाठी तसं करू नका, पूर्ण वेळ शिजवा, कारण थंड झाला की तो अजून कडक होतो. मग चाळणीत ओतून लगेच गार पाण्याखाली धरा. एरवी पास्ता धुणं म्हणजे पाप समजतात, कारण वरचा स्टार्च गेला की सॉस धरत नाही, पण सॅलडला तो चिकटपणा नकोच असतो.

व्हिनेगर मी आणतच नाही, घरात कोकमाचं आगळ असताना कशाला. तीन चमचे तेलाला एक चमचा आगळ, मिरपूड, ठेचलेली लसणीची पाकळी, चिमूटभर साखर, बाटलीत घालून खळखळून हलवायचं. आगळात मीठ भरपूर असतं, त्यामुळे ड्रेसिंगमध्ये वरून मीठ नको आणि पास्त्याच्या पाण्यातही हात जरा आखडता. पास्ता फिकट गुलाबी होतो, घाबरू नका. तेल मात्र खोबरेल नको, फ्रीजमध्ये गोठून पांढरे कण होतात आणि खाताना तोंडात मेणासारखं लागतं. ऑलिव्ह परवडत नसेल तर साधं रिफाइंड घ्या, खुशाल.

आत काय घालायचं ते सीझनवर. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू मिळाले तर दुसरं काही शोधूच नका, सोललेलेच घ्या, सालीचा चीक हाताला लागला तर कातडी सोलवटते, आणि आतली पातळ साल गरम पाण्यात टाकली की सुटते. जोडीला कैरीचे बारीक तुकडे, कांदा, काकडी. काकडी आणि कांदा अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटून सगळं पचपचीत. बेसिल इथे कुठे मिळणार म्हणता? फालुद्यात घालतो तो सब्जा बेसिलचंच बी आहे, कुंडीत टाका, पानं भरपूर येतात. वाराचं बंधन नसेल त्या दिवशी सोडे कुरकुरीत भाजून वर चुरते, ह्याची सर त्या चीजच्या क्यूबला नाही.

आई बघून म्हणाली, "ह्या थंडगार कसा खातंस गो?" आणि वाटीभर संपवून परत मागितलं.

तक्रारी पण आहेत. पाकिटाला झिप नाही, पावसाळ्यात फोडल्यावर डब्यात ओतावंच लागतं, नाहीतर मुंग्या आणि दमट वास. सोबत मसाल्याची पुडी येते ती सॅलडला पूर्ण निरुपयोगी, तिच्याऐवजी दहा रुपये कमी केले असते तर बरं. ह्याच कंपनीचा पेने पण आणला होता, तो सॅलडला नाही आवडला, नळीत पाणी राहतं आणि डब्याच्या तळाशी जमतं. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आदल्या रात्री करून ठेवायच्या भानगडीत पडत नाही, सकाळी करते, ऑफिसला पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये टाकते. शिजलेला पास्ता मे महिन्यात बाहेर दोन तासांच्या वर ठेवूच नका, भातासारखाच लवकर बिघडतो.

पाचपैकी चार. पुडी काढून झिप लावली तर पाच देईन.