चाकांचे विमान की पोटावर उतरणारे ग्लायडर: पुढच्या बांधणीचा विचार

रिमोटवर उडवायच्या छोट्या मॉडेल विमानांच्या छंदात पहिल्या ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ विमानावर, हात बसला, की पुढचे विमान कोणते बांधावे हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्यावर मिळणारे बहुतेक सल्ले विमान उतरवायला कापलेले गवत किंवा डांबरी पट्टी हाताशी आहे, असे गृहीत धरून दिलेले असतात. मराठवाड्यात आपल्या वाट्याला येते ते पीक निघालेले काळे रान, फार तर गावाबाहेरचे गायरान. त्यामुळे इथे आराखड्याचा विचार विमान टेकणार त्या जमिनीपासून सुरू करावा, असे माझे मत झाले आहे.

माझ्यासमोर दोन आराखडे होते. एक, साधारण 1.4 मीटर लांबीचा वरचा पंख, एलेरॉन (विमान कुशीवर कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) आणि चाके असलेले विमान, सज्ज वजन 1.3 किलोच्या आसपास. दुसरे, 2 मीटर पंखाचे, केवळ रडर (डावे-उजवे वळवणारी शेपटीची पट्टी), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) आणि मोटर यांवर चालणारे, घडीच्या प्रोपेलरचे ग्लायडर, वजन 900 ग्रॅमच्या आतबाहेर. दोन्ही प्रकार मी उडवले आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मोजमापापेक्षा अनुभवावर अधिक बेतलेले आहे, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

चाकांच्या विमानाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एलेरॉनचा सराव होतो, लूप आणि रोल घेता येतात, आडव्या वाऱ्यात उतरण्याची सवय लागते आणि पुढे खालच्या पंखाचे कसरतीचे विमान बांधायचे असेल तर हीच खरी पायरी आहे. पंखाचा छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारा आकार, क्लार्क वाय नावाचा ठेवला, तर बांधणीही सुकर होते. 1922 साली आखलेला हा छेद आजही टिकून आहे, कारण त्याची खालची बाजू बहुतांश सपाट असते आणि फासळ्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) थेट टेबलावर टेकवून पंख सरळ उभा करता येतो.

मला हैराण केले ते चाकाने. उन्हाळ्यात काळी जमीन आकसते आणि तिला भेगा पडतात. काही भेगांत हाताचा पंजा सहज जातो. नांगरट झाली असेल तर ढेकळे असतात, झाली नसेल तर धसकटे. चाक भेगेत शिरले किंवा ढेकळाला अडले, की विमान नाकावर उलटते, इथपर्यंत ठीक आहे. परंतु चाके धरणारी 3 मिलिमीटरची पोलादी तार सहजी वाकत नाही, आणि ती ज्या प्लायवूडच्या पट्टीवर बसवलेली असते ती पट्टीच शेजारच्या फॉर्मरसकट, म्हणजे बॉडीच्या आतल्या आडव्या चौकटीसकट, उपटून येते. नायलॉनचे बोल्ट आधी तुटावेत आणि बॉडी वाचावी, अशी योजना बांधणीच्या नकाशात केलेली असते. झटका बाजूने बसला तर ते तुटतातही, पण चाक सरळ मागे ओढले गेले तर सारी ओढ बाल्साच्या (अतिशय हलक्या लाकडाच्या) सांध्यावर येते, असे मला वारंवार दिसले. मग संध्याकाळी इपॉक्सी लावायचे, रात्रभर वाळू द्यायचे, वरून आवरणाची नवी प्लास्टिक फिल्म ओढायची. प्रत्येक दुरुस्तीत काही ग्रॅम वाढतात, वजनाबरोबर उतरण्याचा वेग वाढतो आणि पुढचा झटका अधिक जोराचा बसतो. आपली हवाही यात साथ देत नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. तिथे एप्रिलमध्ये पारा 40 अंशांवर गेला, की हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाणित घनतेपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी कमी भरते आणि तेच विमान जवळजवळ 8 टक्के अधिक वेगाने जमिनीला टेकते. उडवण्याचा कंटाळा मला कधी आला नाही, पण ती एक पट्टी पुन्हा पुन्हा चिकटवण्याचा मात्र आला.

यावर उपाय नाहीत असे नाही. चाके मोठी घेता येतात आणि नाकाखालचे चाक काढून शेपटीचे चाक ठेवता येते. दोन्हींनी फरक पडतो, पण भेगेपुढे मोठे चाकही फार काळ टिकत नाही. चाके काढूनच टाकली तर उतरताना प्रोपेलर आधी मातीत जातो, आणि एवढे वजन एकट्याने एका हातात ट्रान्समीटर धरून दुसऱ्या हाताने पुरेशा वेगाने फेकणे माझ्या मनगटाला तरी झेपले नाही.

ग्लायडरला हा प्रश्नच येत नाही. ते हातातून अलगद सुटते, आणि माझ्या हिशेबाने चाकांचे विमान ताशी 28 किलोमीटरच्या आसपास टेकत असेल तर हे 22 च्या आसपास टेकते. वजनही कमी असल्याने जमिनीला बसणारा धक्का निम्म्याहून कमी होतो. मात्र ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) ब्रेक चालू करून ठेवावा, म्हणजे मोटर थांबताच पाती मागे मिटतात. धसकटांचा विचार इथेही करावाच लागतो. सोयाबीन विळ्याने कापल्यावर बोटभर उंचीची तिरपी टोके उरतात आणि तुरीचे धसकट तर चपलेचा तळ भेदते. नुसत्या फोमचे पोट त्यापुढे टिकणार नाही. मी पोटाला पातळ प्लायवूड लावून त्यावर बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या दोन कामट्या लांबीच्या दिशेने चिकटवल्या आणि वरून फायबर टेप ओढली. विमान त्यांवरून घसरत जाते. आडवी शेपटीही खाली ठेवू नये. ती उभ्या शेपटीच्या मध्यावर घेतली, तर धसकटांच्या वर राहते आणि टी आकाराच्या शेपटीइतके (आडवी शेपटी उभीच्या माथ्यावर असते तितके) वजनही मागे जात नाही.

दुसरे आकर्षण अर्थातच थर्मल, म्हणजे विमानाला वर नेणारा गरम हवेचा झोत. तापलेल्या काळ्या रानावरून सकाळी दहा-अकराच्या सुमारास हवा उठू लागते आणि ती कुठे उठते हे घारी फुकटात दाखवतात. मात्र इथे नियम आडवा येतो. ड्रोन नियम, 2021 नुसार हिरव्या, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येणाऱ्या, क्षेत्रात 400 फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच उडवता येते, आणि मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवायचे असते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर परिसरातील वाचकांनी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्रांचा नकाशा आधी पाहावा. एप्रिलमधला चांगला थर्मल 400 फुटांची मर्यादा बघता बघता ओलांडायला लावतो आणि नाक खाली केले तर नुसता वेग वाढतो. म्हणून मधल्या पंखात उघडणारा स्पॉयलर, म्हणजे पंखाची उचल मोडणारी झडप, आराखड्यातच घ्यावा. एक सर्वो (झडप हलवणारी छोटी मोटर) आणि थोडे वजन वाढते, पण ग्लायडर हुकमाने खाली आणता येते.

ग्लायडरची उणीव वाऱ्यात दिसते. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला, की ते जागच्या जागी थबकते आणि कधी मागे सरकू लागते. चाकांचे विमान अशा वेळी निवांत पुढे जाते. म्हणून मी सकाळीच उडवतो. ज्याला नोकरीमुळे दुपारीच वेळ मिळतो, त्याचा निर्णय यावरून वेगळा होऊ शकेल.

साहित्याच्या बाबतीत दोन्हींत फार अंतर नाही. बाल्सा इथल्या दुकानांत मिळत नाही, मागवावा लागतो, आणि पातळ पट्ट्या कुरियरमधून अखंड येतीलच याची खात्री नसते. 2020 च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी इक्वेडोरच्या बाल्साला एवढी मागणी आली, की छंदवाल्यांना तो महाग झाला. बालाघाटच्या डोंगरांवर फिरणारी पाती पाहिली की मला हे हटकून आठवते. फोम बोर्ड स्टेशनरीच्या दुकानात मिळतो खरा, पण ग्लू गनने जोडलेले सांधे उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतात. ग्लायडरचा 2 मीटरचा पंख तीन तुकड्यांत केला, तर सर्वांत लांब तुकडा 1 मीटरचा राहतो आणि मोटरसायकलवर पाठीला बांधून नेता येतो.

ज्यांच्या गावाजवळ मुरमाचे सपाट माळरान आहे, किंवा शाळेचे मैदान सुट्टीत परवानगीने मिळते, त्यांनी चाकांचे विमान जरूर बांधावे. त्यांना माझी अडचण कदाचित जाणवणारही नाही. फक्त लँडिंग गिअरची, म्हणजे चाकांची तार बसते ती, पट्टी बॉडीत चिकटवण्याऐवजी रबरबँडने बाहेरून बांधता येईल, अशी सोय नकाशातच करून घ्यावी. बाकीच्यांनी, निदान काळ्या रानात उडवणाऱ्यांनी, आधी ग्लायडरचा मधला पंख काढायला घ्यावा आणि स्पॉयलरच्या सर्वोची जागा फासळ्या कापण्यापूर्वी ठरवावी, कारण पंख झाकल्यावर ती करणे फार किचकट जाते.