बेळगावात दुपारचं जेवण: खानावळ लावावी, रोटीचं ताट घ्यावं की उडुपीत बसावं?

उद्यमबागेत कामाला लागलेला पोरगा असो की खडेबाजारातल्या दुकानात बसणारी मुलगी, खोलीभाडं आणि पेट्रोल दोघंही नीट लिहून ठेवतात. दुपारचं जेवण मात्र 'किरकोळ'मध्ये जातं. पैसे कमी पडायला लागले की पहिली कात्री तिथेच लागते. दुपारी एक वडापाव आणि चहा, चारला पुन्हा भूक लागली की समोसा आणि आणखी एक चहा. या दोन्ही वेळचे पैसे एकत्र मोजून बघा, खानावळीच्या ताटाच्या ते फार मागे नसतात. पोटात मात्र मैदा आणि तेलच गेलेलं असतं. खानापूर, चंदगड, हुक्केरीकडून येणारी आपली पोरं दिवसभर उभ्यानं काम करून असं खातात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून इथे तुलना फक्त पोटभर जेवणांची केली आहे.

घरच्या जेवणाशी दराची बरोबरी कोणीच करू शकत नाही. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरी केलेल्या थाळीचा खर्च काढते. जून 2025 मध्ये शाकाहारी थाळीचा तो खर्च 27 रुपयांच्या आसपास होता, गॅससकट. त्यात करणाऱ्या बाईची मेहनत धरलेली नाही, जागेचं भाडं नाही, वाढप्याचा पगार नाही. त्यामुळे घरून डबा आणणं जमत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पुढचा हिशेब. दर मी समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या गल्लीतले घालून बघा.

रोज बाहेर जेवणाऱ्यानं आधी महिन्याच्या खानावळीचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. टिळकवाडी, शहापूर, वडगाव या भागांत घरगुती खानावळी आहेत. दोन चपात्या किंवा भाकरी, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात, ताक असं साधं ताट. इथे स्वस्त पडण्याचं कारण सरळ आहे. महिन्याचे पैसे आधी भरलेली माणसं किती, हे मालकिणीला सकाळीच ठाऊक असतं. तेवढंच पीठ मळलं जातं, तेवढाच भात शिजतो, संध्याकाळी टाकून द्यायला फारसं उरत नाही. जे वाया जात नाही त्याचाच फायदा गिऱ्हाइकाच्या दरात उतरतो.

पण स्वस्ताई सगळी हजेरीवर आहे. समजा सुटं ताट 80 रुपयांना आहे आणि एक वेळची मेस महिन्याला 1800 ला. 26 दिवस जेवलात तर ताट 69 रुपयांना पडलं. चार दिवस गावी गेलात आणि पैसे कापून मिळाले नाहीत, तर तेच ताट जवळपास 82 ला गेलं, म्हणजे सुट्यापेक्षा महाग. या दरांत 23 ताटं झाली तरच मेस लावण्यात अर्थ आहे. म्हणून पैसे भरण्याआधी खाड्याचा नियम विचारा. किती दिवस आधी सांगावं लागतं? एका दिवसाचा खाडा धरतात की सलग तीन-चार दिवस असले तरच? गणपतीत आणि यात्रेत खानावळच बंद असली तर ते दिवस कोणाच्या माथी? ज्यांच्याकडे कुपनं आहेत त्या खानावळी फिरतीच्या नोकरीवाल्याला बऱ्या, कारण न वापरलेलं कुपन पुढच्या महिन्यात चालतं. तेही आधी विचारूनच घ्या.

खानावळीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ठरलेल्या वेळेनंतर गेलात तर आमटी पातळ झालेली असते आणि दुसरी भाजी संपलेली असते. आठवड्याची भाजी पाठ होते. तरी रोजचं कमी तेलाचं, फारसा मसाला नसलेलं जेवण पोटाला सोसतं. उपवासाच्या दिवशी न सांगता ताटात साबुदाणा आणि वरी येते. परगावी एकट्या राहणाऱ्याला कोणीतरी 'काल का आला नाहीस रे?' असं विचारतं, हाही त्या दरातलाच भाग आहे असं मी मानतो.

आता रोटीचं ताट. या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालात की ताट बदलत जातं. खानापूर आणि बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग पावसाचा, भाताचा. येळ्ळूर-वडगावकडचा बासमती तर नावाजलेला. अथणी-गोकाककडे गेलात की कोरडं रान आणि जोंधळा. बेळगाव शहर या दोन्हींच्या मध्ये बसलेलं, त्यामुळे आपल्याला दोन्ही ताटं एकाच रस्त्यावर मिळतात. हे भाग्य पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला नाही. लिंगायत खानावळींत, बसवेश्वर नावाच्या तर या पट्ट्यात गावोगावी आहेत, ज्वारीची कडक किंवा मऊ रोटी, भरल्या वांग्याचं एणगाई, मुगाची किंवा मटकीची उसळ, झुणका, शेंगाचटणी, कारळाची किंवा जवसाची चटणी, दही, आणि ताटाच्या कडेला कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी. शेवटी भात आणि सार.

दर सुट्या खानावळीपेक्षा थोडा जास्त असतो, 100 धरा. पण माझ्या मते सुट्या जेवणात पैशाला सर्वांत जास्त मोल इथेच आहे. उसळ, शेंगदाणा, दही आणि ज्वारी एकत्र पोटात गेली की चारच्या चहाबरोबर समोसा लागत नाही, आणि ते वाचलेले वीस-पंचवीस रुपयेही ताटाच्या दरातून वजा करायला हवेत. शिवाय कडक रोटी टिकाऊ. सकाळी भाजून ठेवली तरी चालते, उरली तर उद्या चालते, म्हणून मालकाला ती हात राखून वाढावी लागत नाही. विचारायचं एवढंच, की रोट्या हव्या तेवढ्या आहेत की दोनच. दोनच असतील तर वरच्या रोटीला किती, हे बसतानाच विचारा. भाजी-चटणी पुन्हा मिळते का तेही. तिखटाची सवय नसेल तर लाल रंजका, म्हणजे लाल मिरचीची चटणी, बाजूला सारा आणि दही जास्त मागा.

आठवड्यातून दोन-तीनदाच बाहेर जेवणाऱ्यानं, कोर्टाच्या किंवा दवाखान्याच्या कामाला एका दिवसासाठी बेळगावला आलेल्यानं, मेसच्या फंदात न पडता हेच ताट घ्यावं. महिन्याला दहा वेळा जेवलात तर हजार रुपये, आणि हजेरीचं ओझं नाही.

उडुपीवाल्याकडे आपण वेळ विकत घेतो. बसल्या बसल्या ताट समोर येतं, वीस मिनिटांत हात धुऊन बाहेर. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असेल तर याला तोड नाही. स्वच्छता दिसते, बायकांना एकट्यानं निवांत बसता येतं, आणि ही गोष्ट काही रोटीच्या खानावळींत अजून अवघड आहे हे मान्य करायला हवं. पण 120 च्या दरानं 26 दिवस जेवलात तर 3120 होतात. वरच्या मेसपेक्षा 1320 जास्त. त्यात रोज वीस रुपयांची पाण्याची बाटली घेतली तर आणखी 520. भाताची भूक असणाऱ्याला पूर्ण जेवण परवडतं. ज्याला भात कमी लागतो त्यानं प्लेट मील, म्हणजे मोजक्या वाढपाचं ताट, घ्यावं, नाहीतर पानात टाकून उठावं लागतं.

बिलाबद्दल थोडं. साध्या उपाहारगृहाच्या जेवणावर जीएसटी 5 टक्के आहे. 120 च्या जेवणावर सहा रुपये. पण लहान हॉटेलं पुष्कळदा कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असतात, आणि त्या योजनेत असणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. बिलावर कंपोझिशनचा उल्लेख असूनही खाली कर लावलेला दिसला तर शांतपणे विचारा. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलं आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. मोबाइलवरून मागवलेल्या जेवणाची मी तुलनाच करत नाही. तिथे पुष्कळदा तेच ताट जास्त दरानं लावलेलं असतं, त्यावर पोचवण्याचे पैसे आणि वरची फी. रोजच्यासाठी ते परवडणारं नाही.

इंदिरा कँटीनचं मात्र नाव घेतलंच पाहिजे. ऑगस्ट 2017 मध्ये बेंगळुरात सुरू झालेली स्वस्त जेवणाची ही सरकारी योजना पुढे इतर शहरांतही आली. सुरुवातीपासूनचा दर नाश्त्याला 5 आणि जेवणाला 10 रुपये. दवाखान्यात पेशंटजवळ आठ-आठ दिवस बसलेल्या खेड्यातल्या माणसाला हा मोठा आधार आहे. तिथे जेवायला संकोच वाटून घेऊ नका. आपल्याच कराचा तो पैसा आहे. वाढप ठरावीक असतं, संपलं की संपलं, म्हणून वेळेआधी जाऊन उभं राहावं.

मटण-मासे रोजच्या हिशेबात बसत नाहीत. सावजी खानावळीचं तिखट किंवा गोवा-सावंतवाडीकडून आलेल्या बांगड्याची थाळी ही पगाराच्या आठवड्याची गोष्ट. फक्त एक बघा. माशाच्या थाळीत तुकडा केवढा आणि कढी-भात पुन्हा मिळतो का, यावर तिचं मोल ठरतं.

नव्यानं शहरात आलेल्यानं पहिल्या दिवशीच महिन्याचे पैसे भरू नयेत. पहिले पंधरा दिवस सुटं जेवा, कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशा दोन-तीन खानावळींत. त्यातल्या एकीत मुद्दाम दोननंतर जा, म्हणजे उशिरा आलेल्याला काय वाढतात ते कळेल. प्यायच्या पाण्याचं पिंप कुठे आहे, ताटं कुठे धुतात, शेजारचा रोजचा गिऱ्हाईक दुसऱ्यांदा भाजी मागतो तेव्हा वाढप्याचा चेहरा कसा होतो, हे बघा. वहीत त्या पंधरा दिवसांत खरोखर किती दुपारी जेवलात ते लिहा. बारा-तेरा दुपारी झाल्या असतील तर एक तारखेला मेस लावा. आठ-नऊच झाल्या असतील तर रोटीचं ताट बरं.