पश्चात्तापावरचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन बायबल कोर्स, चार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

कोर्स संपून चार महिने झालेत, मुद्दामच लगेच लिहिलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी इतकी भारावलेली होते की तेव्हा लिहिलं असतं तर डोळे मिटून फाइव्ह स्टार देऊन मोकळी झाले असते. पण पश्चात्तापावरचा कोर्स चांगला की नाही हे सेशनमध्ये किती रडू आलं यावरून कसं ठरवणार, नंतर घरच्यांना काही फरक दिसला का ते बघायला पाहिजे ना.

फॉरमॅट साधा आहे. आठवड्यातून एकदा दीड तास, बारा-पंधरा जण, एक पाळक (पास्टर) शिकवतात आणि मधल्या दिवसांत मोकळं बोलायला प्रत्येकाला एक जोडीदार देतात. सुरुवात शब्दांपासून होते, ग्रीक मेटानोइया म्हणजे मन बदलणं, हिब्रू शूव म्हणजे मागे फिरणं, हे बऱ्याच जणांनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलेलं असेल. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायाकडे मी तरी कधी असं बघितलं नव्हतं. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो काय सांगतो, तर दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी धमकावून पैसे काढू नयेत आणि आपल्या पगारात समाधानी राहावं. म्हणजे ज्याचं पाप जिथे, पश्चात्तापाचं फळ पण तिथेच दिसलं पाहिजे. जकातदाराला नाका सोडून जा असंसुद्धा सांगितलं नाही, तिथेच बसून सरळ वाग म्हणाला, आणि ते जास्त अवघड आहे असं मला वाटतं.

तिसरं सेशन जक्कयचं, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या श्रीमंत जकातदाराचं. संडे स्कूलमध्ये आपल्याला तो झाडावर चढला तेवढंच लक्षात राहतं. इथे सरांनी क्रम दाखवला, येशू आधी त्याच्या घरी गेला, हिशोबाची भाषा जक्कयने त्यानंतर केली. जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या ५व्या अध्यायात चूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा नियम आहे, आणि हा माणूस चौपट देतो म्हणतो, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. होमवर्क होतं कागदावर लिहायचं की माझ्यामुळे कोणाचं काय गेलं. मला कशाचं वाईट वाटतं हे लिहायचं नव्हतं, आणि तिथेच मी अडकले, कारण वाईट वाटलेल्या गोष्टींची यादी माझ्याकडे तयार होती, दुसऱ्याचं काय गेलं ते मी कधी मोजलंच नव्हतं.

आधीच्या नोकरीत मी प्रवासाची बिलं फुगवून लावायची. सगळेच लावायचे, त्यामुळे प्रार्थनेत तो विषय कधी आलाच नाही. आठवेल तसा हिशोब केला, पाचवा हिस्सा वर धरला आणि थरथरत्या हाताने मेल पाठवला. तिकडच्या अकाउंट्सवाल्यांना ही रक्कम कुठल्या हेडखाली जमा करायची तेच कळेना, दोनदा फोन आला की मॅडम काही लीगल प्रॉब्लेम आहे का. पैसे गेले त्या रात्री मी फार समाधानाने झोपले.

आणि लगेच पाचवं सेशन आलं, माझ्या मते सगळ्यात चांगलं, पेत्र आणि यहूदा, येशूचे दोन शिष्य, एकाने त्याला ओळखत नाही म्हणून नाकारलं, दुसऱ्याने पैसे घेऊन पकडून दिलं. सरांनी एवढंच विचारलं, चांदीची तीस नाणी परत कोणी केली? यहूदाने! मी निर्दोष माणसाचा घात केला असं तो कबूलसुद्धा करतो. पण तो याजकांकडे गेला, प्रभूकडे गेलाच नाही. पेत्राने परत करण्यासारखं काही नव्हतं, तो रडला, आणि योहानाच्या २१व्या अध्यायात ज्याला नाकारलं त्याच्याच समोर उभा राहिला. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात देवाच्या इच्छेने होणारं, पश्चात्तापाकडे नेणारं दुःख आणि मरणाकडे नेणारं जगाचं दुःख असा फरक केलाय तो मला त्या दिवशी कळला. पैसे परत करून मी स्वतःवरच खूश झाले होते, देवाशी त्याबद्दल धड बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात घरच्या एका माणसाला विचारायचं होतं की माझ्यात काय बदलायला हवं. मुलगी म्हणाली, आई, तू सॉरी म्हणतेस पण नंतर तीन दिवस बोलत नाहीस. अबोला हे पाप असतं असं मला कधी वाटलंच नव्हतं, मी त्याला शांत राहणं म्हणायचे. मागच्या महिन्यात परत विचारलं तर म्हणाली आता संध्याकाळपर्यंतच.

कमी पडतं ते पण सांगते. सहाव्या सेशनमध्ये जॉन न्यूटनची साक्ष आहे (गुलामांच्या जहाजांवरचा इंग्रज खलाशी, पुढे पाळक झाला, 'अमेझिंग ग्रेस' गीत त्याचंच), १७४८ चं वादळ, देवाचा धावा, आणि तिथेच थांबतात. त्यानंतर १७५४ पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवरच होता आणि त्या धंद्याविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. फळ यायला लागणारा हा वेळ, त्यात लोकांचं झालेलं भयंकर नुकसान, यावर बोलायलाच हवं होतं, मी फीडबॅकमध्ये लिहिलंय. ज्याचं नुकसान केलं तो माणूस आता हयात नसेल तर काय, याला जेमतेम दहा मिनिटं दिली आणि आमच्यातले दोघं त्याच प्रश्नासाठी आले होते.

आधीच सतत अपराधी वाटत असेल, स्वतःला छळायची सवय असेल तर तिसऱ्या आठवड्याचा कागद जड जाऊ शकतो, जॉइन होण्याआधी सरांशी बोलून घ्या, ते वेळ देतात. बाकीच्यांनी नक्की करा. रेकॉर्डिंग मिळतं, पण तिसरं आणि पाचवं सेशन लाइव्हच करा, आणि जोडीदाराबरोबरचे फोन टाळू नका, मी पहिले दोन टाळले होते.